वजनकाटा जिथे शून्य दाखवतो

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहणाऱ्या माणसांचं वजन ठरावीक दिवसांनी घ्यावंच लागतं. तिथे पायांवर भार नसतो, त्यामुळे स्नायू रोडावतात, हाडांतलं कॅल्शियम कमी होतं, जेवणही बऱ्याचदा कमीच जातं. अंगातलं नेमकं किती घटलं हे डॉक्टरांना वेळीच कळायला हवं. पण आपल्या घरातला वजनकाटा तिथे नेऊन उपयोग नाही. त्यावर उभंच राहता येत नाही, आणि पट्ट्याने स्वतःला बांधून घेतलं तर काटा पट्ट्याचा ताण दाखवेल, तुमचं वजन नाही. १९८४ साली सॅल्युत-७ वर गेलेले राकेश शर्मा काय किंवा २०२५ च्या जूनमध्ये या स्थानकावर पोचलेले शुभांशू शुक्ला काय, काट्याच्या लेखी दोघंही शून्य किलो.

माणूस मात्र होता तेवढाच आहे. हाडं, रक्त, मांस, सगळं जागच्या जागी. शून्य झालं ते वजन, आणि ज्यात काडीचाही फरक पडला नाही ते वस्तुमान. शाळेच्या पुस्तकात हा फरक एका तक्त्यात उरकलेला असतो: वस्तुमानाचं एकक किलोग्रॅम, वजनाचं न्यूटन, पाठ करा आणि पुढे चला. वजन हाताशी नसताना वस्तुमान मोजायची वेळ येते, तेव्हा कुठे वस्तुमान ही काय चीज आहे ते कळायला लागतं.

आधी एक गैरसमज बाजूला करू. अंतराळात गुरुत्वाकर्षण नाही म्हणून तिथे वजन शून्य होतं, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. पृथ्वीच्या केंद्रापासून तिच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतरच मुळी ६,३७१ किलोमीटर, त्यात ही ४०० ची भर म्हणजे फार काही नाही. हिशेब केला तर तिथलं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के निघतं. इथे ७० किलोच्या माणसाला पृथ्वी जेवढ्या जोराने ओढते, त्याहून थोड्याच कमी जोराने ती त्याला तिथेही ओढत असते.

मग काटा शून्य का? कारण वजनकाटा गुरुत्वाकर्षण थेट मोजतच नाही. पृथ्वी तुम्हाला खाली ओढते, काटा तुम्हाला खाली जाऊ देत नाही, आणि तुम्हाला अडवायला त्याला जेवढा जोर लावावा लागतो तो आकडा तो दाखवतो. अडवणंच संपलं की आकडाही संपला. स्थानक, त्यातली माणसं, त्यांचे टूथब्रश, सगळं एकत्रच पृथ्वीकडे पडत असतं. फक्त सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर वेगाने ते आडवंही धावत असतं, त्यामुळे ते जितकं खाली येतं तितकीच गोल पृथ्वीची जमीनही त्याच्याखालून वळत जाते आणि पडणं कधी संपत नाही. माणूस पडतोय, काटाही त्याच्याबरोबरच पडतोय. कोण कुणाला अडवणार?

अशा ठिकाणी उरतो एकच मार्ग. वस्तूला ढकलायचं आणि ती किती सहज हलते ते बघायचं.

१९७३ साली अमेरिकेने स्कायलॅब हे आपलं पहिलं अंतराळ स्थानक सोडलं. (तेच, जे १९७९ मध्ये डोक्यावर कोसळणार म्हणून आपल्याकडे भलती घबराट पसरली होती.) त्यात विल्यम थॉर्नटन या डॉक्टरांनी घडवलेली एक खुर्ची होती. थॉर्नटन स्वतःही नासाचे अंतराळवीर होते. खुर्ची स्प्रिंगच्या जोरावर मागेपुढे झुलायची. माणसाने तिच्यात अंग आवळून बसायचं, पट्टे घट्ट करायचे, खुर्ची एका बाजूला ताणून अडकवायची आणि मग सोडून द्यायची. एक पूर्ण झोका व्हायला किती वेळ लागला, एवढंच यंत्राने मोजायचं. जास्त वस्तुमानाचा माणूस सावकाश झुलतो, कमी वस्तुमानाचा भराभर. अंगाचा भार कशावर पडत नाही, टेकायला जमीन नाही, तरी माणूस 'जड' आहे की 'हलका' हे खुर्ची सांगते.

सोयीचे आकडे घेऊन पाहू. स्प्रिंग अशी धरू, की ती एक मीटर ताणायला ८०० न्यूटन बल लागेल. खुर्चीसकट वस्तुमान ८० किलो असेल तर एका झोक्याला १.९९ सेकंद लागतात. ७८ किलो असेल तर १.९६. फरक सेकंदाच्या साधारण चाळिसाव्या भागाचा. ऐकायला नगण्य वाटतो, पण वेळ ही अशी गोष्ट आहे की ती आपण फार बारकाईने मोजू शकतो. पाच-दहा झोक्यांची सरासरी घेतली तर दोन किलोंचा फरक अगदी स्पष्ट उमटतो. झोक्याचा वेळ वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वस्तुमान चौपट झालं तर वेळ दुप्पट. खरी पंचाईत वेगळीच असते. अंग सैल सोडलं तर हातपाय आणि पोटातलं सगळं आपापल्या तालावर हलायला लागतं आणि आकडा बिघडतो. म्हणून तर ते आवळून बांधणं. स्कायलॅबवर उरलेलं अन्न आणि मैला मोजायलाही याच तत्त्वावरची छोटी यंत्रं होती, कारण शरीरात काय गेलं आणि बाहेर काय आलं याचा हिशेब डॉक्टरांना हवाच होता.

आजच्या स्थानकाच्या रशियन भागात माणसाचं वस्तुमान स्प्रिंगवरच्या झोक्यांनीच मोजतात. नासाचं यंत्र त्याहून सरळ आहे. त्यातल्या स्प्रिंगा एका ठरावीक, न बदलणाऱ्या बलाने माणसाला ओढतात आणि तो सरकताना त्याचा वेग किती झपाट्याने वाढतो ते यंत्र टिपतं. बलाला त्या त्वरणाने भागलं की वस्तुमान हाती.

हे घरी करून बघण्यासारखं आहे. लोखंड कापायच्या करवतीचं पातं, म्हणजे दुकानात हॅक्सॉ ब्लेड म्हणून मिळतं ते, टेबलाच्या पायाला क्लॅम्पने असं आवळा की त्याची रुंद बाजू उभी राहील आणि पातं आडवं बाहेर येईल. मग ते वरखाली न हलता डावीउजवीकडे हलतं आणि गुरुत्वाकर्षणाचा संबंध जवळपास तुटतो. दातांवर आधी चिकटपट्टी लावा, नाहीतर बोट कापेल. टोकाला एकाच प्रकारची दहा नाणी घट्ट बांधा, पातं थोडं बाजूला ओढून सोडा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करून वीस झोक्यांना किती वेळ लागला ते काढा. मग आठ नाणी, मग सहा. आलेख काढताना वेळ नव्हे, वेळेचा वर्ग आणि नाण्यांची संख्या घ्या. बिंदू बऱ्यापैकी सरळ रेषेत येतील. रेषा शून्यातून जाणार नाही, कारण पात्याचं स्वतःचं वस्तुमानही झुलत असतं. आता नाण्यांऐवजी एखादी किल्ली बांधून तिचा वेळ काढा, आणि किल्ली किती नाण्यांएवढी आहे ते रेषेवरून वाचा. तुम्ही वजन न करता वस्तुमान मोजलंत.

आता प्रश्न असा की या सगळ्यात वस्तुमानाने नेमकं केलं काय? खुर्चीला हलू दिलं नाही, असं नाही. नुसती टिचकी मारली तरी ती थोडी हलतेच. वस्तुमानाने फक्त बदल महाग केला. थांबलेलं चालू करायचं, चालू असलेलं थांबवायचं, सरळ जाणारं वळवायचं, यातलं काहीही करायचं असेल तर बल लावा. आणि वस्तुमान जितकं जास्त तितकं जास्त बल लावा, किंवा तेच बल जास्त वेळ लावा. यालाच जडत्व म्हणतात.

जे चाललंच आहे ते तसंच चालू राहायला मात्र काहीच लागत नाही. आपल्या अनुभवाच्या हे अगदी उलट आहे. हातगाडी ढकलायची थांबलो की गाडी थांबते, त्यामुळे गती टिकवायला सतत जोर लावावा लागतो असं दोन हजार वर्षं शहाण्यासुरत्या माणसांनाही वाटत होतं. ॲरिस्टॉटलला वाटलं, तर त्याला हसण्यात अर्थ नाही. त्याच्या आसपासच्या प्रत्येक बैलगाडीने त्याला तेच शिकवलं असणार. गॅलिलिओने उतरत्या फळ्यांवरून गोळे सोडून पाहिले आणि त्याच्या लक्षात आलं की पृष्ठभाग जितका गुळगुळीत, तितका गोळा लांब जातो. थांबवणारं कुणीतरी वेगळंच आहे, आणि ते म्हणजे घर्षण. ते पूर्ण काढून टाकलं तर गोळ्याला थांबायला कारणच उरत नाही. पुढे १६८७ साली न्यूटनने आपल्या 'प्रिन्सिपिया'त हाच पहिला नियम म्हणून मांडला. १९७७ च्या सप्टेंबरात निघालेलं व्हॉयेजर-१ यान आज सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर चाललंय, आणि त्या वेगासाठी त्याचं कुठलंही इंजिन चालू नाही.

दुसरा नियम सूत्रात मावतो: बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. एक किलोच्या वस्तूचा वेग दर सेकंदाला सेकंदी एक मीटरने वाढवायला जे बल लागतं ते एक न्यूटन. सूत्र सगळ्यांना पाठ असतं. त्याचा अर्थ अंगावर यावा असं वाटत असेल तर १९९२ च्या मे महिन्यातली एक घटना बघावी.

इंटेलसॅट-६ मालिकेतला एक दळणवळण उपग्रह १९९० मध्ये रॉकेटच्या बिघाडामुळे चुकीच्या, खालच्या कक्षेत अडकून पडला होता. तो पकडायचा, त्याला नवी मोटर जोडायची आणि पुन्हा सोडायचा, या कामासाठी 'एंडेव्हर' हे नवंकोरं अंतराळयान आपल्या पहिल्याच फेरीवर गेलं. उपग्रह ५ मीटरहून उंच, जाडजूड नळकांड्याच्या आकाराचा, वस्तुमान सुमारे ४ टन. त्याला पकडायला खास दांडा बनवला होता. पियर थूओ हा अंतराळवीर तो दांडा घेऊन यानाच्या यांत्रिक हाताच्या टोकावर उभा राहिला आणि दांडा उपग्रहाच्या बुडाला अडकवायला गेला. दांडा अडकलाच नाही. वर त्या स्पर्शाने उपग्रह हलला, डुलायला लागला आणि दूर सरकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

इथे बघा. चार टनांची वस्तू, वजन शून्य, आणि तिला कुठेही घर्षण नाही. तुम्ही १०० न्यूटन बलाने, म्हणजे जमिनीवर दहा किलोची पिशवी उचलून धरायला लागतो तेवढ्या जोराने, तिला फक्त एक सेकंद ढकललंत तर तिचा वेग होतो सेकंदाला अडीच सेंटिमीटर. मुंगीच्या चालीने. पण ती थांबत नाही. मिनिटाभरात दीड मीटर सरकते आणि सरकतच राहते. तिला थांबवायचं तर तेवढंच बल तेवढाच वेळ उलट्या दिशेने लावायला हवं. घाईने थांबवायला गेलात, सेकंदाच्या दहाव्या भागात, तर दहापट बल, म्हणजे १,००० न्यूटन. वजन नाही म्हणून चार टन हाताने अलगद हलवता येतात, ही अर्धी गोष्ट झाली. त्या चार टनांच्या आणि यानाच्या मध्ये तुमचा हात सापडला तर तो चिरडेल, ही उरलेली अर्धी.

त्यात तिसरा नियम आहेच: तुम्ही उपग्रहाला ढकलता तेव्हा उपग्रहही तुम्हाला तितक्याच बलाने ढकलतो. बल सारखं, पण वस्तुमान सारखं नाही. अंतराळपोशाखासह माणूस साधारण २०० किलोचा धरला, तर त्याच एका धक्क्याने उपग्रह सेकंदाला अडीच सेंटिमीटरने पुढे जातो आणि माणूस अर्ध्या मीटरने मागे. वीसपट. पाय कुठेतरी रोवलेले नसतील तर उपग्रह हलवायला गेलेला माणूसच भिरकावला जाईल. शेवटी १३ मे १९९२ रोजी थूओ, रिचर्ड हीब आणि टॉम एकर्स असे तिघं बाहेर आले, उपग्रहाच्या भोवती आपले पाय पक्के अडकवून उभे राहिले, आणि यानाने अलगद जवळ आणलेला तो उपग्रह तिघांनी एकाच वेळी, सहा हातांनी, सावकाश धरला. तीन माणसांनी एकत्र केलेला तो पहिलाच अंतराळचाल. आठ तासांहून जास्त चालला. खास बनवलेला दांडा जिथे हरला तिथे हळूहळू लावलेलं थोडं थोडं बल कामी आलं.

रॉकेटच्या बाबतीत आणखी एक गंमत होते: वस्तुमान स्वतःच बदलत जातं. चंद्रयान-३ ला १४ जुलै २०२३ रोजी घेऊन गेलेलं एलव्हीएम-३ रॉकेट जमिनीवरून उठताना सुमारे ६४० टनांचं असतं. बाजूच्या दोन बूस्टरांत मिळून ४०० टनांहून जास्त इंधन असतं आणि ते दोन मिनिटांच्या थोड्याच पुढे जळून संपतं. म्हणून सुरुवातीला रॉकेट इतकं जड जड उठतं आणि मग बघता बघता सुसाट सुटतं. बल तेच राहिलं तरी ढकलायला उरलंय किती कमी.

खाली रस्त्यावर येऊ. भरलेला ट्रक आणि रिकामा ट्रक, दोघांनी सारख्या वेगाने जाताना करकचून ब्रेक दाबले, चाकं घासत गेली, तर कोण आधी थांबेल? बहुतेक जण म्हणतात, रिकामा. जडत्वाचं नुकतंच एवढं वाचल्यावर तर नक्कीच म्हणतील. पण टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण हे चाकांवरच्या भाराच्या प्रमाणात वाढतं. माल भरून ट्रकचं वजन दुप्पट झालं तर थांबवायचं वस्तुमान दुप्पट, आणि थांबवणारं घर्षणही जवळपास दुप्पट. दोन्ही एकमेकांना काटतात, आणि नुसत्या या हिशेबाने दोन्ही ट्रक साधारण सारख्याच अंतरात थांबायला हवेत.

प्रत्यक्षात घाटात भरलेलेच ट्रक का बेफाम होतात मग? कारण ब्रेकची मर्यादा आधी येते. बोरघाटात खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी साधारण ५०० मीटर खाली येते. २० टनांचा ट्रक धरला तर या उतरणीत ९ कोटी ८० लाख जूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एवढ्या ऊर्जेत सुमारे ३०० लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत येईल. घाट उतरताना ती सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता म्हणून ओतली, तर ड्रम लाल होतात, लायनर पकड सोडतात आणि पेडल दाबूनही काही होत नाही. इथे वस्तुमान कशानेही कटत नाही. मालासकट वस्तुमान दुप्पट तर उष्णताही दुप्पट. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली की यातला मोठा वाटा इंजिन स्वतःकडे घेतं. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा चालक नेमका हाच आधार काढून टाकतो. घाटात न्यूट्रल करू नका असे फलक उगाच लावलेले नसतात.

टायरच्या बाबतीत वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटलं, ते घर्षण भारावर अवलंबून असल्यामुळे. पडणाऱ्या वस्तूंच्या बाबतीतही असंच काटाकाटीचं घडतं, पण तिथे ते कितीतरी जास्त चक्रावून टाकणारं आहे.

वस्तुमान आतापर्यंत आपण एकाच भूमिकेत पाहिलं, गतीच्या बदलाला विरोध करणारं. पण पृथ्वी एखाद्या वस्तूला किती जोराने ओढणार हेही तिच्या वस्तुमानावरच ठरतं. दहा किलोच्या दगडाला एक किलोच्या दगडापेक्षा दहापट बल ओढतं, आणि तो हलायला दहापट विरोधही करतो. म्हणून दोघं सारख्याच त्वरणाने पडतात, जमिनीवर दर सेकंदाला साधारण ९.८ मीटर प्रतिसेकंद या दराने. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो-१५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर एका हातातून हातोडी आणि दुसऱ्या हातातून बहिरी ससाण्याचं पीस एकाच वेळी सोडलं. हवाच नाही, त्यामुळे दोन्ही एकदमच मातीत पडले. ते चित्रण आजही बघायला मिळतं आणि माहीत असूनही क्षणभर डोळ्यांवर विश्वास बसत नाही.

यात आश्चर्य काय, असं वाटू शकतं. आश्चर्य हे, की ओढ आणि विरोध या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. विजेच्या बाबतीत असं होत नाही: विद्युतप्रभारावर वस्तूला किती बल लागेल ते ठरतं, पण ती किती विरोध करेल ते प्रभार ठरवत नाही. गुरुत्वाकर्षणाने नेमकं विरोध करणाऱ्या आकड्यालाच धरून ओढावं, हे कुठल्याच तर्काने सक्तीचं नव्हतं. न्यूटनला ही शंका होती. त्याने सारख्या लाकडी पेट्या ११ फुटी दोऱ्यांना लंबकासारख्या टांगल्या आणि त्यांत सोनं, चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू भरून पाहिले. हजारातला एक भाग फरक असता तरी दिसला असता, असं त्याने लिहून ठेवलंय. सोनं आणि गहू एकाच तालात झुलले. हंगेरीच्या ओत्वोश या भौतिकशास्त्रज्ञाने १८८९ पासून अतिनाजूक पिळाच्या तराजूने हे कोट्यवधीत एका भागाच्या आसपास तपासलं. २०१६ साली सोडलेल्या फ्रान्सच्या मायक्रोस्कोप या उपग्रहाने टायटॅनियम आणि प्लॅटिनम यांच्या मिश्रधातूंचे नळकांड्याच्या आकाराचे तुकडे कक्षेत सतत पडते ठेवून तुलना केली. २०२२ मध्ये आलेला अंतिम निकाल असा, की एकावर पंधरा शून्यं इतक्या भागांतल्या काही भागांपर्यंतही फरक सापडत नाही.

निसर्गात इतका काटेकोर योगायोग होत नसतो. १९०७ साली बर्नच्या पेटंट कचेरीत बसलेल्या आइन्स्टाइनला सुचलं, की छतावरून पडणाऱ्या माणसाला पडताना स्वतःचं वजन जाणवणारच नाही. तिथून आठ वर्षांनी सापेक्षतेचा व्यापक सिद्धांत उभा राहिला. त्यात गुरुत्वाकर्षण हे ओढणारं बल उरतच नाही. वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ यांना वाक येतो आणि मोकळी वस्तू त्या वाकलेल्या वाटेने आपल्या परीने सरळच जाते. वाट सगळ्यांना एकच, म्हणून सोन्यालाही तीच आणि गव्हालाही तीच. माझ्या मते भौतिकशास्त्रातला हा सर्वांत देखणा युक्तिवाद आहे, आणि त्याची सुरुवात मुलंही करू शकतील अशा प्रयोगात आहे.

वस्तुमान येतं कुठून, हा प्रश्न ओघाने येतोच. २०१२ साली सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत हिग्ज कण सापडला तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला विश्वाला वस्तुमान देणारा कण करून टाकलं. इलेक्ट्रॉन आणि क्वार्क (प्रोटॉन, न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते कण) यांच्यापुरतं ते ठीक आहे. पण प्रोटॉनमधल्या तीन क्वार्कांच्या वस्तुमानाची बेरीज प्रोटॉनच्या जेमतेम एक टक्का भरते. बाकी सगळं त्या क्वार्कांना आत डांबून ठेवणाऱ्या बलाची आणि त्यांच्या धावपळीची ऊर्जा. आपल्या अंगातलं बहुतेक सगळं वस्तुमान हे असं कोंडलेल्या ऊर्जेचं आहे.

व्यवहारात मात्र आपण वस्तुमानासाठी पैसे देतो आणि बल मोजून घेतो. जुना दोन पारड्यांचा तराजू खरोखरच वस्तुमानांची तुलना करतो: एका बाजूला भाजी, दुसऱ्या बाजूला वजनं, गुरुत्वाकर्षण दोन्हीकडे सारखं, त्यामुळे तो चंद्रावरही बरोबर उत्तर देईल. दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा किंवा साखर कारखान्यावरचा उसाच्या ट्रॉल्यांचा काटा तसा नाही. त्याच्या आतला धातूचा तुकडा भाराने किंचित दबतो, त्या दबण्यावरून बल कळतं, आणि ठरवून दिलेल्या आकड्याने भागून काटा किलोग्रॅम दाखवतो. तो आकडा म्हणजे गुरुत्वत्वरण, वस्तू ज्या त्वरणाने पडते ते, आणि ते सगळीकडे सारखं नसतं. पृथ्वी थोडी चपटी आहे आणि फिरते आहे, त्यामुळे विषुववृत्तावरचं गुरुत्वत्वरण ९.७८० आणि ध्रुवांवरचं ९.८३२ भरतं. दिल्लीपेक्षा मुंबईत ते साधारण हजारातल्या अर्ध्या भागाहून थोडं जास्त कमी आहे. दिल्लीत जुळवलेला काटा तसाच उचलून मुंबईच्या सराफाकडे आणला, तर १०० ग्रॅम सोनं तो सुमारे ६० मिलिग्रॅमने कमी दाखवेल. कांद्याबटाट्याला याने काही होत नाही. सोन्याला होतं.

म्हणून काटा जिथे वापरायचा तिथेच प्रमाणित वजनं ठेवून जुळवावा लागतो. ही प्रमाणित वजनं आणखी प्रमाणित वजनांशी ताडलेली असतात आणि ही साखळी भारतात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. तिथे प्लॅटिनम-इरिडियमचा ५७ क्रमांकाचा किलोग्रॅम आहे. त्याचा मूळ पुरुष पॅरिसजवळच्या सेव्र इथे, जेमतेम ३९ मिलिमीटर उंचीचा एक चकचकीत ठोकळा. १८८९ पासून तोच जगाचा किलोग्रॅम होता. शंभर वर्षांत तो आणि त्याच्या प्रती यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला आढळला, आणि कोण बदललं हे सांगायची सोय नव्हती, कारण व्याख्येने ठोकळा नेहमीच बरोबर. २० मे २०१९ पासून त्याला निवृत्त केलं आणि किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे क्वांटम भौतिकीतल्या एका कधीच न बदलणाऱ्या आकड्यावर, बांधला. आता तो किबल तराजूसारख्या यंत्राने काढतात, ज्यात एका वजनाला विद्युतचुंबकीय बलाने तोलून धरतात. तिथेही तोललं जातं ते बलच, त्यामुळे त्या खोलीतलं गुरुत्वत्वरण वेगळ्या उपकरणाने आठ-नऊ अंकांपर्यंत आधी मोजून घ्यावं लागतं.

सराफाच्या दुकानात यातलं काही करायचं नसतं. व्यापाऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून वर्षातून एकदा पडताळणी व्हावी लागते, आणि त्याचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असायला हवं. दागिना ठेवण्यापूर्वी त्यावरची तारीख बघा, पंख्याचा वारा काट्यावर येत नाही ना ते बघा, आणि आकडा शून्यावर स्थिर झाल्यावरच दागिना ठेवायला सांगा.